आईसाठी लंडन सोडलं, असं म्हणतात

आमच्या गल्लीत माझ्याविषयी एक वाक्य ठरून गेलं आहे. "आईसाठी लंडन सोडलं पोरीनं." बारसं असो, हळदीकुंकू असो, कुणी नवी बाई भेटली की माझी ओळख अशीच करून दिली जाते. सांगणाऱ्या बायांच्या मनात माया असते. गालावरून हात फिरवून "गुणाची गं बाय" म्हणतात. इतके दिवस मी ऐकून घेतलं. पण आता ते वाक्य माझ्यापुरतं राहिलेलं नाही, म्हणून खरं काय घडलं ते नीट लिहायला बसले आहे.

आई विड्या वळते. निपाणीत हे सांगण्यासारखं काही नाही, माझ्या लहानपणी एक घर सोडून एका उंबऱ्यावर मांडीवर सूप घेतलेली बाई दिसायची. बाहेरच्यांसाठी सांगते. तेंदूची पानं रात्री भिजत घालायची. सकाळी त्यावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची. चिमूटभर जर्दा पसरून वळायचं, दोरा बांधायचा, टोक नखानं आत मुडपायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, आणि मजुरी हजारावर. शाळेतून आल्यावर मोजायचं काम माझ्याकडे असायचं. मला ते आवडायचं. कट्टा हातात घेतला की पंचवीस आहेत की चोवीस हे बोटांना कळायचं. आईला अक्षर ओळख कमी, त्यामुळे हिशेबाच्या वेळी ती माझ्याकडे बघायची. तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

अप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूरु हायवे अडवला, गोळीबारात माणसं गेली, तेव्हा अप्पा मिसरूड फुटलेलं पोर होते. हायवे म्हटलं की त्यांना ते दिवस आठवायचे. मला मात्र हायवे म्हणजे निघून जायचा रस्ता वाटायचा. रात्री लांबच्या गाड्यांचा आवाज घरापर्यंत यायचा आणि त्यातली एक आपली आहे, असं मी धरूनच चालले होते.

कुठं जायचं तेही ठरलेलं होतं. प्राथमिक शाळेत बाईंनी फ्लॉरेन्स नाइटिंगेलची गोष्ट सांगितली. युद्धातले जखमी सैनिक, रात्रीचा दिवा, सगळं. बाकीच्या पोरींना दिवा लक्षात राहिला. बाईंनी पुढं असंही सांगितलं होतं, की 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावानं नर्सेसची शाळा सुरू झाली आणि ते हॉस्पिटल अजून चालू आहे. "अजून चालू आहे" एवढ्यावर माझं मन अडकलं. गोष्टीतल्या ठिकाणी खरोखर जाता येतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर मी ते नाव लिहून ठेवलं. पुढं कितीतरी वर्षं नवी वही आली की आधी शेवटचं पान उघडून तेच लिहायचे.

नर्सिंगला गेल्यावर कळलं, की नाइटिंगेलचं मोठं काम मोजण्याचं होतं. सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मरतात हे तिनं आकडे मांडून, आकृत्या काढून दाखवलं. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. कट्टे मोजत बसणाऱ्या पोरीला ही बाई आपली वाटली, एवढंच सांगता येतं. तिनं हिंदुस्थानातल्या आरोग्यावर कित्येक वर्षं लिहिलं, अहवाल केले, आणि या देशात ती एकदाही आली नाही. तेव्हा या गोष्टीचा मला थोडा रागच आला होता. आता येत नाही.

अकरावी-बारावी मी देवचंद कॉलेजात केली. कॉलेज निपाणीला लागून, अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, दोन्हीकडे मराठीच बोलायचं. आमच्याकडे हे इतकं रोजचं आहे, की सीमा ओलांडतोय असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. नंतर बेळगावला बीएस्सी नर्सिंग. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारकडून शिष्यवृत्ती मिळते. आईचं विडी कामगार म्हणून ओळखपत्र होतं, म्हणून तिचा आधार झाला. ते ओळखपत्र आई आजही देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवते.

बेळगावच्या वसतिगृहात केरळच्या मुली होत्या. त्यांच्या प्रत्येकीच्या घरातलं कुणीतरी आधीच बाहेर असायचं, मावशी डब्लिनला, आत्या कुवेतला. आमच्या घरातून सर्वांत लांब गेलेली व्यक्ती म्हणजे वारीला पंढरपूरला गेलेली आजी. पण त्या मुलींमुळे माझ्या वहीतल्या नावापर्यंत जायचा रस्ता कागदावर आला. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची, वाचन, श्रवण, संभाषणात सात आणि लेखनात साडेसहा मिळवायचे. मग सीबीटी नावाची संगणकावरची परीक्षा. ती झाली की तिकडच्या एखाद्या हॉस्पिटलची ऑनलाइन मुलाखत, आणि शेवटी इंग्लंडमध्ये पोचल्यावर हातानं काम करून दाखवायची ओएससीई. नोकरीला लागल्यावर रात्रपाळीत रुग्ण झोपले, नोंदी लिहून झाल्या, की मी फोनवर लंडनचा नकाशा उघडायचे आणि वेस्टमिन्स्टर पुलावरून बोटानं चालत जायचे. पूल ओलांडून उजवीकडे वळलं की पार्लमेंट नदीपलीकडे राहतं, या काठाला सेंट थॉमस. त्याच आवारात नाइटिंगेलचं संग्रहालय आहे. दार कुठल्या बाजूला आहे ते मला पाठ होतं.

2020 च्या टाळेबंदीत अप्पा गेले. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यापर्यंतसुद्धा वेळ मिळाला नाही. माझी थोरली बहीण, अक्का, कागलला दिलेली. निपाणीहून कागल वीसेक किलोमीटर. पण मधे राज्याची हद्द, नाके बंद, आणि पास वेळेत मिळाला नाही. अप्पांना अग्नी दिला तेव्हा अक्का कागलमध्ये फोन धरून बसली होती. पुढच्या वर्षी कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवावा लागायचा, त्यामुळे वर्षश्राद्धालासुद्धा ती आधी नाकात काडी घालून घेऊन मगच आली.

हे वाचून कुणाला वाटेल, की तेव्हाच माझं मन फिरलं असेल. तसं झालं नाही. अप्पा गेल्यावर मी उलट जास्त जिद्दीनं अभ्यासाला बसले. घरातली त्यांची खुंटी, तिच्यावरचं जर्द्याच्या वासाचं जाकीट, ते बघवत नव्हतं. या गावात आता राहायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. आयईएलटीएस पुण्याला दिली, सीबीटी बेंगळूरुला. दोन्ही सुटल्या. 2023 च्या पावसाळ्यानंतर उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं मुलाखत घेतली आणि नेमणुकीचं पत्र आलं. लंडन नव्हतंच ते, लंडनपासून रेल्वेनं काही तासांवरचं गाव होतं. पण एकदा तिथं पाऊल ठेवलं की पुढचं पुढं बघता येतं. पगार वर्षाला 28,407 पौंड, म्हणजे त्या वेळच्या दरानं तीस लाखांच्या घरात. मी तो आकडा आईला सांगितला तेव्हा तिनं हातातलं पान खाली ठेवलं. "किती हजार विड्या झाल्या गं ह्या?" असं तिनं विचारलं आणि मी खरंच हिशेब करायला लागले.

त्याच सुमाराला आईचा खोकला वाढला होता. विडी वळणाऱ्या बाईला खोकला असतोच, असं आम्ही सगळेच धरून चालतो. मी तिला कोल्हापूरला नेऊन फुंकायची तपासणी करून घेतली. तिच्या फुप्फुसांचे आकडे माझ्या हातात आले. इतकी वर्षं अंगणात उडणारी तंबाखूची धूळ त्या कागदावर होती. हा आजार सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा. तो मागं जात नाही. इन्हेलर नीट घेतला, धूळ टाळली, थंडी सांभाळली, तर बरीच वर्षं चांगली जातात. पण छातीत जंतुसंसर्ग होऊन दवाखान्यात भरती व्हायला लागलं, की दर वेळी माणूस थोडं खालच्या पायरीवर येऊन थांबतं. पुढं घरात ऑक्सिजनचं यंत्र येतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, वॉर्डात रोज बघत होते.

इथं मला नीट लिहायचं आहे, कारण गल्लीतलं वाक्य इथंच चुकतं.

आई तेव्हा आजारी पडलेली नव्हती. स्वयंपाक, धुणं, बाजार, सगळं ती स्वतः करत होती, आजही करते. तिला माझ्या सेवेची गरज नव्हती. मी जाऊ नये असं ती एका शब्दानं म्हणाली नाही. "जा की. मी काय मरायला टेकलोय व्हय?" हे तिचे शब्द. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे, तो म्हणाला, "ताई, तू जा, पैशाचं आणि आईचं मी बघतो." अक्का तर माझ्यासाठी लोकरीचं स्वेटर विणायला बसली होती. मला कुणी अडवलं नाही.

मी हिशेब केला, तो असा. तिकडे पाच वर्षं राहिलं की कायम राहण्याचा परवाना मागता येत होता. नर्सच्या व्हिसावर नवरा आणि मुलं नेता येतात, आई नेता येत नाही. म्हणजे पाच वर्षं धरायची, मधे सुट्टीत एखादी फेरी. आणि आईच्या तपासणीचा कागद सांगत होता, की तिची चांगली वर्षं नेमकी हीच आहेत. ती चालू शकते, दमली तरी हसू शकते, बसमध्ये चढू शकते. मी पाच वर्षांनी आले असते तर पैसे घेऊन आले असते, आणि आई यंत्राला जोडलेली असती. तेव्हा सेवा करायला मी कुठूनही धावत आले असतेच. पण मला तिच्याबरोबर राहायचं होतं ते आत्ता, ती बरी असताना. अप्पांच्या बाबतीत मी सगळं पुढं ढकललं होतं, नोकरी लागली की त्यांना हे दाखवू, ते दाखवू. त्यातलं काहीच झालं नाही.

तर मी थांबले ते माझ्या हौसेनं. मला माझी आई हवी होती. याला त्याग म्हटलं की आईवर उगाच ओझं पडतं. "माझ्यापायी पोरगीचं नुसकान झालं," असं ती एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकलं, आणि मला फार वाईट वाटलं. हे तिच्या मनात गल्लीनं भरवलं होतं.

डिसेंबरात मी त्या हॉस्पिटलला नकार कळवला. त्यांनी दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठवलं. त्या रात्री मी रडले, आणि नंतरही पुष्कळ रडले. ज्या पोरीनं इतक्या वह्यांची शेवटची पानं भरली तिचं काहीतरी गेलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. अलीकडे काही जण म्हणतात, "बरं झालं गेली नाहीस, तिकडे आता बाहेरच्या नर्सेसची भरतीच कमी झालीय." भरती कमी झाली हे खरं आहे. पण माझ्यासाठी जागा होती, पत्र हातात होतं, आणि ती नोकरी चांगली होती. तिला कमी लेखून मला माझं मन रमवायचं नाही.

आता मी आमच्याच भागातल्या एका हॉस्पिटलात डायलिसिस विभागात आहे. आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी चार तास, तीच माणसं त्याच खाटांवर येतात. त्यामुळे त्यांच्या हातावरचा फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, त्यांची वजनं, त्यांच्या सुना, सगळं माहीत होतं. संकेश्वरकडचे आजोबा आले की "बर्री, कूड्री", म्हणजे या, बसा, असं कानडीत म्हणायचं, चिकोडीच्या मावशींशी मराठीत बोलायचं, आणि फिश्चुलावर हात ठेवून आतलं रक्त थरथरतंय का ते बघायचं. ती थरथर बोटांना लागली की माझा जीव भांड्यात पडतो. कार्डांचा घोळ मात्र रोजचा. एकाकडे कर्नाटकाचं कार्ड, दुसऱ्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, की महाराष्ट्रानं 865 सीमावर्ती गावांना आपली आरोग्य योजना लागू केलीय, तर आपलं गाव त्यात आहे का बघा. मी यादी बघून देते.

आणि आई फिरायला लागली. 2023 च्या जूनमध्ये शक्ती योजना सुरू झाली, कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसमध्ये तिकीट लागेना. आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. साऱ्या आयुष्यात निपाणी-संकेश्वर-कोल्हापूर यापलीकडे न गेलेली माझी आई सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून आंघोळ करून तयार बसते. सौंदत्तीला यल्लम्माला गेलो, हुबळीला सिद्धारूढांच्या मठात गेलो. ती तिकिटं ती ओळखपत्राच्या डब्यातच ठेवते.

गोकाकच्या धबधब्याला आम्ही ऐन पावसात गेलो. घटप्रभा तांबडी होऊन 52 मीटर खाली कोसळत होती, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. आई चढण चढताना थांबायची, इन्हेलर घ्यायची, पुन्हा चालायची. मी मनात तिचे श्वास मोजत होते, ती सवय जात नाही. वर पोचल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली, पार भिजली, आणि तिथून हलायला तयार होईना. शेवटी म्हणाली, "तुझ्या अप्पानी बघायला पायजे हुतं." मग तिला भूक लागली आणि आम्ही दोघींनी कणसं खाल्ली. असले दिवस मला मिळत आहेत. हे मला कुठल्याही पगारात घेता आलं नसतं, पण म्हणून पगार वाईट होता असं नाही. दोन्ही मला हवं होतं आणि दोन्हींपैकी एक मिळालं.

या ऑगस्टमध्ये माझ्या आयईएलटीएसच्या निकालाची मुदत संपली. तो दोन वर्षं धरतात. पुन्हा द्यायची नाही असं मी ठरवलं.

आता हे सगळं लिहायला का बसले ते सांगते. मागच्या बाजूच्या गल्लीत एक मुलगी आहे, नर्सिंग झालेली, दोन वर्षं आयसीयूत काम केलेली. तिची आईसुद्धा विड्या वळते. मुलीनं इंग्रजीची परीक्षा आजवर इथं कुणाला जमली नसेल इतक्या चांगल्या गुणांनी काढली. आणि घरात तिला काय ऐकवलं जातंय? "ती बघ, आईसाठी लंडन सोडलं तिनं. आणि तू?" माझं नाव घेऊन एका पोरीला अडवत आहेत, हे कळल्यावर मी ड्युटीवरून थेट तिच्या घरी गेले.

तिच्या आईनं मला बघून तिला हाक मारली, "ये, ऐक जरा, काय म्हणत्यात ताई." त्यांना वाटलं मी समजूत घालायला आले. मी म्हणाले, "मावशी, तिला जाऊ द्या." मग त्यांना मी सगळं सांगितलं, जे वर लिहिलं आहे तेच, तपासणीच्या कागदासकट. तुमची छाती साफ आहे, दोन पोरं इथं आहेत, पोरीला जायचंय. मला माझ्या आईजवळ राहायचं होतं म्हणून मी राहिले. हिला जायचं असताना ठेवलीत तर ते वेगळं होईल.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एकेक विचारायला लागल्या. थंडी किती पडते. जेवायचं कसं करतात. रात्रपाळी करून पोरगी एकटी घरी कशी येणार. "तिथं आपली माणसं हायत का?" मी सांगितलं, लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. हिला मिळेल ते गाव लांब असलं तरी एखादं मराठी घर सापडेल, आणि केरळच्या मुली तर असतीलच, त्या सांभाळून घेतात. हे मी अनुभवानं सांगत होते, बेळगावात त्यांनीच मला सांभाळलं होतं.

त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. मुलीनं मला बाहेर सोडायला येताना विचारलं, "ताई, तुम्हाला वाईट वाटत नाही?" वाटतं, म्हणून सांगितलं. अजून कधीकधी तो पूल फोनवर उघडते, तेही सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं, पण तिला बरं वाटलेलं दिसलं.

तिची सीबीटी पुढच्या महिन्यात आहे. पहिला भाग आकडेमोडीचा असतो, औषधाची मात्रा, सलाइनचा वेग असली गणितं. ती संध्याकाळी माझ्याकडे येते, आम्ही आईच्या शेजारी चटईवर वह्या घेऊन बसतो. भागाकारात ती अजून घाई करते. आज एक लिटर सलाइन आठ तासांत द्यायचं तर मिनिटाला किती थेंब, इथून सुरुवात करायची आहे.